वाचकांचे प्रश्न : मुलांसोबत कागदी फुलांचे कडे

गेल्या अंकात दारावरच्या कागदी सजावटीविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरत होती, ती म्हणजे तीन ते सात वर्षांच्या मुलांना हाताशी घेऊन कागदी फुलांचे गोल कडे कसे करावे. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून याच पत्रांना उत्तरे देत आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून लांब पत्रे थोडी आवरती घेतली आहेत.

प्रश्न : माझी नात सहा वर्षांची आणि नातू चार वर्षांचा आहे. दिवाळीसाठी त्यांच्याकडून दारावर लावायला कागदी फुलांचे ‘रीथ’ करून घ्यावे, असे सूनबाईंच्या मनात आहे. मी शब्दकोश उघडला तर त्यात पुष्पचक्र असा अर्थ दिला आहे. पुष्पचक्र आपण कोठे वाहतो, हे मी सांगायला नको. सणासुदीला ते दाराला लावणे मनाला पटत नाही. माझे काही चुकते आहे का? आणि करायचेच ठरले तर सुरुवात कोठून करावी?
— एक आजी, सदाशिव पेठ

उत्तर : आजी, आपल्याला जे खटकले ते रास्त आहे. मराठीत पुष्पचक्र हा शब्द युद्धस्मारकाशी, हुतात्म्यांना वाहिलेल्या आदरांजलीशी आणि अंत्यदर्शनाशी इतका घट्ट बांधला गेला आहे की, तो उच्चारताच डोळ्यांसमोर लक्ष्मीपूजनाचे दार येणार नाही. मात्र ज्या देशांतून ही कल्पना आपल्याकडे आली, तेथे फुलापानांचे असेच कडे नाताळच्या दिवसांत स्वागतासाठी दाराला लावतात आणि त्याचे घरातले स्थान आपल्या तोरणासारखेच असते. म्हणून शब्द बदलावा आणि वस्तू ठेवावी. मी त्याला ‘फुलांचे कडे’ म्हणते. माझ्या सुट्टीतल्या वर्गातल्या एका चिमुरडीने त्याला ‘दाराची बांगडी’ म्हटले होते, आणि त्याहून चांगले नाव मला अजून सुचलेले नाही.

या वस्तूचा मुलांशी असलेला एक जुना संबंध आपल्याला आवडेल, म्हणून सांगते. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे योहान हिनरिख विखर्न नावाचे धर्मोपदेशक निराधार मुलांसाठी एक आश्रम चालवीत असत. नाताळ किती दिवसांवर आला, हे मुले सारखी विचारीत, म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान लाल अशा त्या मेणबत्त्या होत्या. रोज एक पेटवायची आणि उरलेल्या मोजायच्या. नाताळापूर्वीच्या आठवड्यांत चार मेणबत्त्यांचे जे कडे आज अनेक देशांत मांडतात, त्याचे मूळ तेथे आहे.

मेणबत्त्या आपल्याला नकोतच, कागदाच्या जवळ तर मुळीच नकोत. पण मोजण्याची कल्पना घेण्यासारखी आहे. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण वीस दिवस असतात. रोज एक फूल केले आणि कड्यावर चिकटवले, तर अमावास्येच्या संध्याकाळी कडे पूर्ण होते. ‘दिवाळी कधी?’ या प्रश्नाचे उत्तर नातवाला रिकाम्या जागा मोजून स्वतःच काढता येते. शिवाय एका दिवशी एकच फूल असल्यामुळे चार वर्षांच्या मुलाचा जीव कंटाळत नाही आणि घरातही कागदाच्या कपट्यांचा ढीग साचत नाही.

आता सुरुवातीविषयी. माझा वर्षानुवर्षांचा आग्रह असा आहे की, कडे मोठ्यांनी करावे आणि फुले सर्वस्वी मुलांवर सोडावीत. जाड पुठ्ठा कापणे हे मुलांचे काम नव्हे, आणि कडे कच्चे राहिले तर त्यावर लावलेले प्रत्येक फूल वाया जाते. किराणा सामानाच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यावा. त्यावर जेवणाचे ताट उपडे ठेवून बाहेरचे वर्तुळ आणि छोटी ताटली ठेवून आतले वर्तुळ आखावे. ताट ३० सें.मी.चे आणि ताटली १८ सें.मी.ची असेल, तर ६ सें.मी. रुंदीची पट्टी मिळते आणि ती लहान फुलांना पुरते. अशी दोन कडी कापून एकमेकांवर चिकटवावीत. मात्र एकीच्या आतल्या पन्हळी उभ्या असतील तर दुसरीच्या आडव्या ठेवाव्यात, म्हणजे कडे वाकत नाही. खोक्याचा बाहेरचा गुळगुळीत पृष्ठभाग चिकट पदार्थ नीट धरत नाही, म्हणून कड्याला वर्तमानपत्राच्या पट्ट्या किंवा हिरवा कागद गुंडाळून घ्यावा. अडकवायचा दोरा फुले लावण्यापूर्वीच बांधावा. हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कोणीतरी पूर्ण झालेले कडे हातात धरून दोरा कोठून ओवायचा, असे विचारते. मिठाईचा किंवा बाकरवडीचा खोका मात्र वापरू नये, कारण तुपातेलाच्या डागावर काहीही चिकटत नाही.

नातीला आठ पाकळ्यांचे फूल सहज जमेल. आमटीची वाटी कागदावर ठेवून गोल आखावा आणि कापावा. त्याची निम्मी, पुन्हा निम्मी आणि पुन्हा निम्मी अशी तीनदा घडी घालावी. जो निमुळता तुकडा मिळतो, त्याची रुंद कड कात्रीने गोलसर करावी आणि घडी उलगडावी. घडीचे टोक, म्हणजे फुलाचा मध्य, कोणत्या बाजूला आहे हे आधी बोटाने दाखवून ठेवावे. तेच टोक कापले गेले तर फुलाला भोक पडते. मुलांना त्या भोकाचीही मौज वाटते, तेव्हा एखादे तसे झाले तर त्यावर पिवळ्या कागदाची गोळी बसवून द्यावी. पाकळ्या पेन्सिलीभोवती गुंडाळून सोडल्या की टोके वर उचलली जातात. मग थोडे लहान असे दुसरे फूल पहिल्यावर, पाकळ्यांच्या फटींवर पाकळ्या येतील असे ठेवले की फूल भरते.

नातवासाठी झेंडू योग्य आहे, कारण झेंडूचे फूल मुळातच दाट आणि झिरमिळ्यांचे असल्यामुळे त्यात चूक दिसून येत नाही. नारिंगी क्रेप कागदाची ५ सें.मी. रुंद आणि सुमारे ५० सें.मी. लांब पट्टी कापून द्यावी. कागदावरच्या बारीक सुरकुत्या पट्टीच्या रुंदीला समांतर असाव्यात. तशा असल्या तर कातरलेल्या झिरमिळ्या ताठ उभ्या राहतात, नाहीतर त्या ओढल्या जाऊन लोंबतात. एका कडेने ३ सें.मी. खोल काप द्यायचे आणि दुसऱ्या कडेला २ सें.मी. कागद अखंड ठेवायचा. तेथे पेन्सिलीने रेघ मारून दिली की चार वर्षांचे मूल रेघेपर्यंत कापत जाते. नंतर पट्टी गुंडाळावी, खाली दोऱ्याने बांधावी आणि झिरमिळ्या बोटांनी बाहेर पसरवाव्यात. गुंडाळणे मुलाने करावे, गाठ आपण मारावी.

फुले लावताना चिकट पदार्थ फुलाच्या मध्यालाच लागेल हे पाहावे, पाकळ्या मोकळ्या राहू द्याव्यात. शेवटी उरलेल्या फटींत आंब्याच्या पानाच्या आकाराची कागदी पाने खोचावीत. कागदाचे चार पदर एकदम कापले की चार पाने मिळतात. ही पाने मी मुद्दाम शेवटी ठेवते, कारण दोन फुलांमधले कमीजास्त अंतर त्यांच्यामुळे झाकले जाते.

प्रश्न : मी बालवाडीत शिकवते. वर्गात चोवीस मुले आहेत, वय चार ते पाच. पालकसभेच्या दिवशी वर्गाच्या दारावर सर्व मुलांनी मिळून केलेले एकच मोठे कडे लावावे अशी इच्छा आहे. तास पाऊण तासाचा असतो आणि साहित्याचा खर्च बहुधा माझ्याच पर्समधून होतो. कडे केवढे घ्यावे आणि गोंधळ कसा टाळावा?
— बालवाडीच्या एक ताई, हडपसर

उत्तर : ताई, प्रथम आकाराचा हिशोब करू. प्रत्येक मुलाचे एक फूल आणि प्रत्येक फूल ८ सें.मी. रुंद धरले, तर फुले कडेला कड लावून एका ओळीत मांडायला १९२ सें.मी. लांबीचा घेर लागेल, म्हणजे जवळजवळ ६१ सें.मी. व्यासाचे कडे. ते दारावर फार मोठे दिसते आणि पुठ्ठाही स्वतःच्या वजनाने वाकतो. त्याऐवजी शेजारच्या फुलाच्या पाकळ्या एकमेकींवर थोड्या चढू द्याव्यात. प्रत्येक फुलाला साडेपाच सें.मी. जागा दिली तर घेर १३२ सें.मी. होतो आणि व्यास ४२ सें.मी.वर येतो. हा व्यास पट्टीच्या मधल्या रेषेचा आहे. पट्टी ८ सें.मी. रुंद ठेवली तर बाहेरचा व्यास ५० आणि आतला ३४ सें.मी. आखावा. एवढी थाळी कोणाकडे नसते. म्हणून एक खिळा, दोरा आणि पेन्सिल घेऊन वर्तुळ काढावे.

दुसरी गोष्ट म्हणजे हे काम एका दिवसात उरकू नये. पहिल्या दिवशी फुले, दुसऱ्या दिवशी मांडणी. पहिल्या दिवशी वर्गाचे तीन गट करावेत आणि एका वेळी एकाच गटाच्या हातात कात्र्या द्याव्यात. दुसऱ्या गटाने तेवढ्या वेळात मधल्या गोळ्यांसाठी पिवळा कागद फाडून चुरगळावा, आणि तिसऱ्याने पाने रंगवावीत. पंधरा मिनिटांनी गट फिरवावेत. चोवीस कात्र्या विकत घेण्याची गरज राहत नाही, आठ पुरतात, आणि आपले लक्ष जेथे हवे तेथे ठेवता येते. फाडकाम, घडीकाम आणि चिकटकाम ही आपल्या बालवाडीच्या वेळापत्रकातली तीनही कामे यात आपोआप येतात, हे पालकसभेत सांगायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी कडे जमिनीवर ठेवून सगळ्यांनी भोवती बसावे. प्रत्येक मुलाने आपले फूल कोठे ठेवायचे ते ठरवावे, पण आधी सुकी मांडणी करावी, काहीही न चिकटवता. हा भाग घाईने संपवू नये. मुले फुले उचलतात, शेजारच्याच्या फुलाजवळ नेतात, परत आणतात, दोन लाल एकत्र आली म्हणून वाद घालतात. रंगसंगती, अंतर, जागा आणि दुसऱ्याचा विचार या सगळ्यांवर तेव्हा बोलणे होते, आणि माझ्या मते या सबंध उपक्रमात जे काही शिकण्यासारखे आहे त्यातले निम्मे या पंधरा मिनिटांत असते. मांडणी ठरली की मगच एकेकाने येऊन आपले फूल चिकटवावे.

खर्चाचे म्हणाल, तर पाकळ्यांसाठी जुन्या लग्नपत्रिका आणि त्यांची रंगीत पाकिटे पालकांकडून मागवावीत; पुण्यात एकही घर असे नसेल की जेथे दहा पत्रिका कपाटात पडून नाहीत. पत्रिकेवरचे देवाचे चित्र कापायला काही घरांत चालत नाही, ते आधी बाजूला काढावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे पाने, बिया, शिंपले, खडे असे भोवताली मिळणारे साहित्यच बालवाडीत वापरले. ते साहित्य त्या परिसराचे होते, तशी लग्नपत्रिका आपल्या शहराची आहे.

चिकटवण्यासाठी खळ करावी. दोन टेबलचमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवावा, मग त्यात एक वाटी पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत राहावे. चार-पाच मिनिटांत मिश्रण घट्ट आणि किंचित पारदर्शक होते. पिठातल्या स्टार्चचे कण उष्णतेने पाणी शोषून फुगतात, त्यामुळे हा चिकटपणा येतो. थंड झाल्यावर गाळून घ्यावी. फ्रिजमध्ये ती दोन-तीन दिवस टिकते. पूर्वी पुस्तकबांधणी करणारे खळीला कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालीत. ते विषारी आहे, मुलांच्या खळीत कदापि घालू नये. कोणी जुने जाणते सुचवतील, म्हणून आधीच लिहिते. खळ बाटल्यांच्या झाकणांतून थोडी थोडी वाटावी आणि प्रत्येक दोन मुलांमध्ये एक ओले फडके ठेवावे. जड फुलांना मात्र खळ पुरत नाही, तेथे आपण स्वतः फेव्हिकॉलचा ठिपका द्यावा. गरम गोंदाची पिस्तुले वर्गात आणू नयेत, त्यांचे टोक आणि वितळलेला गोंद दोन्ही भाजतात.

प्रश्न : मुलगा नुकताच तीन वर्षांचा झाला आहे. कात्री हातात धरतो, पण कापत नाही. आणि जे दिसेल ते तोंडात घालतो. त्याच्यासोबत हे करता येईल, की दोन वर्षे थांबावे?
— एक बाबा, वारजे

उत्तर : थांबू नका. कात्री बाजूला ठेवा आणि त्याला कागद फाडू द्या. दोन्ही हातांची बोटे कागदाच्या कडेवर जवळजवळ धरून एक हात पुढे आणि एक मागे ओढायचा, हे एकदा दाखवले की तीन वर्षांचे मूल अर्धा तास तेच करत राहते. फाडलेले तुकडे चुरगळून गोळ्या करायच्या आणि कड्यावर दाटीने चिकटवायच्या. दुरून पाहिले तर अबोलीचा गजरा गोल बसवल्यासारखे दिसते.

तोंडात घालण्याची सवय असेपर्यंत मणी, टिकल्या, बटणे, डाळी आणि स्टेपलच्या पिना घरातल्या त्या खोलीतही आणू नयेत. फुलाच्या मध्यभागी तूरडाळ चिकटवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. डाळ नाकात गेली की धावत दवाखाना गाठावा लागतो. वर्तमानपत्राऐवजी कोरा किंवा रंगीत कागद द्या, कारण छपाईची शाई हाताला आणि तेथून तोंडाला लागते. चिकटवायला घरची ताजी खळ घ्या. आणि तो खेळत असताना शेजारी बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

प्रश्न : हे लिहायला संकोच वाटतो. पाच वर्षांच्या मुलीने गणपतीच्या आरासीसाठी खूप मन लावून फुले केली. कडे पूर्ण झाले, पण ते फारच वेडेवाकडे दिसत होते आणि दुसऱ्या दिवशी सासरची मंडळी यायची होती. रात्री ती झोपल्यावर मी तिची सात-आठ फुले काढून माझी लावली. सकाळी ती कड्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि ‘माझं जांभळं फूल कुठे गेलं?’ असे तिने विचारले. मी वाऱ्याने पडले असेल असे सांगितले. आता ती कागदाला हात लावत नाही.
— एक आई, कोथरूड

उत्तर : संकोच बाळगू नका, मीही हे केलेले आहे. शिकवायला लागल्याच्या पहिल्याच वर्षी, प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी, चार मुलांची फुले मी ‘जरा सरळ’ केली होती. त्यांतला एक मुलगा दुसऱ्या दिवशी आईला ते कडे दाखवायला घेऊन आला आणि आपले फूल न ओळखता आल्यामुळे त्याने दुसऱ्याच मुलाचे फूल आपले म्हणून दाखवले. ते पाहिल्यापासून माझी ती सवय मोडली.

काढलेली फुले टाकून दिली नसतील, तर ती तिला परत द्या आणि वारा आला नव्हता, आईने काढली होती, हे सरळ सांगा. पाच वर्षांच्या मुलीला हे कळते. सबबीमुळे तिला असे वाटत असणार की तिची फुले टिकत नाहीत, आणि म्हणूनच ती कागदाला हात लावत नसेल. तुमची फुले काढून टाकायची गरज नाही. तिची फुले कोठे लावायची ते तिलाच विचारा. फुले टाकून दिली असतील तर तेही सांगा आणि एक जांभळा कागद तिच्यासमोर ठेवून द्या. लगेच हात लावला नाही तरी आग्रह करू नका.

पुढच्या वेळी हा मोह होऊ नये म्हणून दोन उपाय करता येतील. पहिला असा की, रंग तुम्ही ठरवा आणि आकार तिच्यावर सोडा. कागद निवडतानाच तीन रंगांपलीकडे जाऊ नका, उदाहरणार्थ नारिंगी, पिवळा आणि एखादा गडद जांभळा, शिवाय पानांचा हिरवा. रंग मोजके असले की पाकळ्या कितीही वाकड्यातिकड्या असल्या तरी सगळे एका जातीचे दिसते. उलट नऊ रंगांची अगदी रेखीव फुलेही जत्रेतल्या दुकानासारखी वाटतात. दुसरा उपाय असा की, तुम्हालाही फुले करायची हौस आहे हे मान्य करा. ती हौस दडपली की रात्री बाहेर येते. स्वतःसाठी वेगळे छोटे कडे घ्या आणि तिच्या शेजारी बसून करा. तिचे पाहून तुम्ही दुरुस्ती करणार नाही, पण तुमचे पाहून ती एखादी युक्ती उचलेल.

सासरच्या मंडळींविषयी एवढेच म्हणते की, कड्याखाली मुलीच्या हस्ताक्षरात तिचे नाव लिहिलेली चिठ्ठी लावली, तर वेडेवाकडेपणाबद्दल कोणीही बोलत नाही.

प्रश्न : गौरी-गणपतीत केलेले कडे दुसऱ्याच दिवशी मान टाकून बसले. दोन फुले गळाली आणि लाल क्रेपचा रंग पांढऱ्या भिंतीवर उतरला. कागद वाईट होता का?
— एक वाचक, वडगाव बुद्रुक

उत्तर : कागदाचा फारसा दोष नाही, पुण्याच्या भाद्रपदातल्या हवेचा आहे. कागद हा वनस्पतींच्या तंतूंचा बनलेला असतो आणि ते तंतू हवेतला ओलावा शोषून फुगतात व मऊ पडतात. क्रेप कागदाला ताठपणा त्याच्या सुरकुत्यांमुळे असतो. ओलाव्याने त्या सैल झाल्या की पाकळी लोंबते. शिवाय बहुतेक स्वस्त क्रेप कागदांचा रंग पक्का नसतो आणि ओल्या खळीने किंवा पावसाच्या एका सरीनेही तो सुटतो.

पावसाळ्यात क्रेपऐवजी घोटीव कागद किंवा पातळ कार्डशीट घ्यावे. पाकळी ताठ राहायला हवी असेल तर कागदातल्या तंतूंची दिशा पाकळीच्या लांबीला समांतर ठेवावी. ती ओळखायला कागद न दुमडता एकदा उभा आणि एकदा आडवा वाकवून पाहा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या वाकण्याच्या घळीला समांतर तंतू असतात. खळ या दिवसांत लवकर वाळत नाही, म्हणून फेव्हिकॉल पाणी न घालता वापरावा आणि कडे रात्रभर पंख्याखाली आडवे ठेवूनच उभे टांगावे. तुमची फुले गळाली ती बहुधा ओली असतानाच कडे टांगल्यामुळे. मागे, भिंतीच्या बाजूला, कड्याच्याच आकाराचा पांढरा कागद लावला तर रंग उतरला तरी त्यावर उतरतो.

थर्मोकोलचे तयार कडे घेतले असते तर हा त्रास झाला नसता, असे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे. सजावटीच्या थर्मोकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि तसेही पुठ्ठ्याच्या दोन थरांचे कडे अगदी भक्कम होते.

प्रश्न : माझी भाची डावखुरी आहे. कात्रीने कापताना कागद चुरगळतो आणि ती रडकुंडीला येते. उजव्या हाताने कापायला शिकवावे का?
— एक मावशी, औंध

उत्तर : मुळीच नाही, कात्री बदला. नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या पकडीत एकमेकांवर दाबली जातील अशी जोडलेली असतात. डाव्या हातात तीच पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि कागद मधे दुमडतो. शिवाय वरचे पाते कापायची रेघ झाकून टाकते. डावखुऱ्यांसाठी उलट जोडणीची कात्री मिळते, ती बोथट टोकाची पाहून घ्या. अंगठा वर ठेवायचा आणि गोल कापताना कात्री न वळवता दुसऱ्या हातातला कागद फिरवायचा, हे मात्र उजव्या-डाव्या दोघांनाही शिकवावे लागते.

प्रश्न : हे सगळे साहित्य शहरात कोठे मिळेल?
— अनेक वाचक

उत्तर : घोटीव कागद, कार्डशीट आणि मुलांच्या कात्र्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत मिळतात. क्रेप कागद आणि सजावटीचे किरकोळ सामान रविवार पेठेत, बोहरी आळीच्या परिसरात घ्यावे. तेथे मुलांना सोबत नेऊ नये, गर्दीत कागदाऐवजी मुलेच सांभाळावी लागतात. हाताने केलेला जाड, खरबरीत कागद हवा असेल तर शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे. त्या कागदाची जास्वंद फार सुंदर होते, पण तो महाग पडतो आणि चार वर्षांच्या मुलाच्या कात्रीला कापत नाही, तेव्हा तो आपल्या हौसेसाठी ठेवावा.

कागद आणण्यापूर्वी मुलांना खरी फुले दाखवायला न्या, एवढे सुचवते. मंडईबाहेरच्या फुलवाल्यांकडून जास्वंद, शेवंती, झेंडू अशी मिळतील ती एक-दोन फुले आणून ती घरी पाकळी पाकळी सोडवू द्या. चाफ्याच्या आणि सदाफुलीच्या पाकळ्या पाच असतात, हे मुलाने स्वतः मोजलेले असले की तीनदा घडी घालून आठ पाकळ्या आल्यावर ते विचारते, ‘मग चाफा कसा करायचा?’ घडीने पाच पाकळ्या काढणे त्या वयात अवघड आहे. पाच थेंबांचे आकार वेगवेगळे कापून ते टोकाशी एकत्र चिकटवायला सांगावे.

प्रश्न : सण झाल्यावर कडे टाकवत नाही आणि ठेवायलाही जागा नाही. काय करावे?
— एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : पुठ्ठ्याचे कडे ठेवा, फुले सोडवा. खळीने लावलेली फुले मागून ओलसर कापड काही मिनिटे दाबून धरले की सुटतात. मुलाला हवी ती दोन-तीन फुले त्याने निवडावीत. त्यांच्या मागे पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहून ती वहीत दाबून ठेवावीत. उरलेली, चमकी किंवा प्लॅस्टिक नसलेली, सुक्या कचऱ्यात द्यावीत किंवा रात्रभर पाण्यात भिजवून त्यांचा लगदा करावा. नदीत सोडू नयेत. पुठ्ठ्याचे कडे कपाटामागच्या फटीत सपाट मावते, आणि पुढच्या दसऱ्याला त्यावर नवा हिरवा कागद गुंडाळला की काम होते.